मामाचे नऊ ओरखडे

हेतालखाली गावाच्या धक्क्यावर चहाची टपरी माझी, पण गिऱ्हाइकं शशधर मिस्त्रीची. लाँचमधनं पर्यटक उतरतात, माझ्या बाकड्यावर बसतात, माझा चहा पितात आणि बघतात मात्र त्याच्याकडे. मी आलं ठेचतोय, दूध ढवळतोय, भांडी विसळतोय, आणि हा बाबा पुढ्यात उभा राहून सदरा वर करतोय. उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेपर्यंत ओरखडे. नऊ. बायका तोंडाला पदर लावतात, पोरं मोबाइल काढतात. मग शशीदा आवाज खाली आणतो.

"डोळे टॉर्चसारखे. तोंडाचा वास अजून नाकात आहे. मामानं मारलं, बोनबीबीनं सोडवलं."

मामा म्हणजे नदीपलीकडच्या जंगलातला, पट्ट्यापट्ट्यांचा. त्याचं खरं नाव आमच्याकडे कुणी तोंडातून काढत नाही, आणि मीही आपणहून काढणार नाही.

बावीस वर्षं मी हे बघतोय आणि बावीस वर्षं माझ्या पोटात दुखतंय. औषध घेऊन झालं. ते दुखणं तसलं नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? तर ऐका. माघात बोनबीबीची, जंगल राखणाऱ्या आमच्या आईची, पूजा होते तेव्हा सगळं गाव होड्यांतनं पलीकडे जातं आणि जंगलाच्या कडेला आईच्या नावानं एक जिवंत कोंबडी सोडतं. मारायची नाही, सोडायची. आणि ती कुणी सोडायची? मामाच्या तोंडातून परत आलेल्या माणसानं. म्हणजे शशीदानं. धुतलेलं धोतर, लाल गमछा, काखेत कोंबडी, बाया जीभ हलवून उलू-उलू करतायत, शंख वाजतोय, आणि हा चिखलातून असा चालतो जसा नवरदेव. पायसाची पहिली वाटी त्याला. त्याला शिंक आली तरी लोक म्हणतात, मामानं आठवण काढली. लहानपणापासून मला एकच हौस. एकदा, फक्त एकदा, ती कोंबडी माझ्या हातून सुटावी.

आता माझं ऐका. खूण मलाही आहे. डाव्या मांडीवर, मागच्या बाजूला, चारचौघांत दाखवता येणार नाही इतकी वर. अकरा दातांची. ती केली करवत माशानं. पाकट माहीत आहे ना, चपटा, कमळाच्या पानासारखा पाण्यात पसरून पोहणारा? त्याच्याच भाऊबंदातला हा. तोंड पोटाखाली, आणि नाकाच्या जागी दीड हात करवत, दोन्ही कडांना दात. होडीएवढा होता. मी माझ्या डोळ्यांनी बघितला. जाळ्यात अडकला, एक झटका दिला, जाळं फाडलं, मला फाडलं आणि गेला. मी रक्तानं भिजलेली लुंगी धरून लंगडत घरी आलो, तर गाव काय म्हणालं? फटिकला मासळी चावली. माझ्या मेहुण्यानं विचारलं, "मोहरी लावून चावली की नुसतीच?"

तेव्हापासून बाकड्यावर ठरलेला खेळ.

"मामा डरकाळी फोडतो, फटिक. तुझा मासा काय करतो?"

"दात किती मामाला? तीसच ना? माझ्याला नुसत्या नाकावर चाळीस."

"नाकावर दात असून करणार काय? चावतो का वास घेतो?"

"मामाच्या नावानं गुनीन मंत्र म्हणतो. माशाला काय म्हणतात? हळद-मीठ लाव म्हणतात."

सगळे हसायचे. मीही हसायचो. चहात साखर कमी टाकायचो. शशीदाच्या चहात एकदा मीठ टाकलं होतं, तर तो म्हणाला, मामाच्या तोंडातून आलेल्याला सगळंच गोड लागतं. आणि पिऊन गेला.

पण सगळ्यात मोठी आग दुसरीच. शशीदाचा मामा मीच तयार केलेला.

कलशखालीची खाडी. भरती चढत होती. सुकाणूवर निवारण होता, तो आता नाही. शशीदा कंबरभर पाण्यात उतरून मुळांत अडकलेलं जाळं सोडवत होता. मी होडीच्या टोकाला, त्याच्याकडे पाठ करून खेकडे वेगळे करत होतो. मागे सप्पकन आवाज झाला आणि शशीदा किंचाळला. आणि मी, काहीएक न बघता, ओरडलो, "मामा."

आता आमच्याकडची रीत अशी की जंगलात एकदा हा शब्द तोंडातून बाहेर पडला की कुणी वळून बघायचं नाही. नजरेला नजर भिडली तर दुसराही जातो. माणूस ओढायचा आणि वल्हं मारायचं. तसंच केलं. शशीदाला मागून काखेत धरून आत घेतलं, पाण्याकडे कुणी बघितलं नाही. धक्क्याला लागेपर्यंत मी चाळीस वेळा मामा म्हणालो असेन. लोकांनी ओरखडे मोजले, नऊ. चार आणि चार आठ होतात. रहमत गुनीन, गावाचा मांत्रिक, म्हणाला, नववा अंगठ्याचा. झालं.

पाच आठवड्यांनी त्याच खाडीत माझी मांडी फाटली. तेव्हा एकदा मी बाकड्यावर म्हणालो होतो, "शशीदा, तुझंही माशाचंच नसेल कशावरून?" तर इतके हसले की माझाच एक कप फुटला. "जळू नकोस फटिक," म्हणाले. त्यानंतर मी त्याच्या पाठीकडे नीट बघितलंच नाही. बघवायचंच नाही.

मग यंदाच्या पौषात दिदिमणी आली.

कोलकात्याची, माशांचा अभ्यास करणारी. तितिर सेन नाव, तिशीची, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. टपरीवर आली, चहा घेतला आणि पिशवीतनं एक चित्र काढलं. करवत मासा. हुबेहूब.

"काका, हा कुणी बघितलाय का इथं? म्हातारी माणसं असतील तरी सांगा."

मी किटली खाली ठेवली. "बघितलाय? दिदिमणी, मी त्याच्या नाकाखालून आलोय."

तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू. बावीस वर्षांत माझ्याकडे कुणी तसं बघितलं नव्हतं, बायकोनंसुद्धा. टपरीच्या मागे ताडपत्री लावून तिनं माझ्या मांडीचे फोटो घेतले, पट्टी लावून मोजलं. रहमत गुनीनला साक्षीला उभा केला होता, तो आकाशाकडे बघत होता. मग बाहेर येऊन सगळ्यांदेखत ती म्हणाली, "या जंगलात वाघ शंभराच्या आसपास तरी आहेत."

ती सरळ नाव घेऊन मोकळी झाली. बाकड्यावरच्या चौघांनी माना खाली घातल्या.

"पण हा मासा," ती म्हणाली, "मी चार महिने नद्या फिरतेय. खूण असलेला जिवंत माणूस मला एकच मिळालाय. फटिककाका."

एकच. हा शब्द मी तिच्याकडनं तीनदा म्हणवून घेतला.

पुढचे आठ दिवस काय विचारता. मी पाटी लावली, करवतवाल्याचा चहा. पर्यटक उतरले की दिदिमणी त्यांना चित्र दाखवायची आणि माझ्याकडे बोट करायची. शशीदानं सदरा वर केला तर एक बाई म्हणाली, "हो हो, वाघाचे खूप बघितले, ते माशाचे काका कुठायत?" मी शशीदाला चहा दिला. दुप्पट साखर घालून.

"गोड लागतोय का, शशीदा?"

"लागतोय."

"नाही, मामाच्या तोंडातून आलेल्याला सगळंच लागतं म्हणून विचारलं."

त्यानं कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. पण मी ओळखतो ना ती नजर. आरशात रोज बघायचो.

नवव्या दिवशी तो दिदिमणीसमोर येऊन उभा राहिला, सदरा हातात घेऊन.

"दिदिमणी, जरा माझीही पाठ बघा की."

"तुमची वाघाची ना?"

"लोक म्हणतात. मी तर तोंड चिखलात खुपसून पडलेलो. मी कुठं बघितलं?"

माझ्या हातनं गाळणी पडली. टॉर्चसारखे डोळे? तोंडाचा वास? बावीस वर्षांचा मामा ह्या माणसानं एका सकाळीत टाकून दिला, कारण गावात आता मासा चालत होता.

दिदिमणीनं पट्टी लावली. एकदा मोजलं, दोनदा मोजलं. मग तिसऱ्यांदा.

"पंजाचे असे येत नाहीत," ती हळूच म्हणाली. "दर दोन ओरखड्यांत सारखं अंतर. नऊच्या नऊ. हा करवतीचा फटका आहे. आणि मासा मोठा. फटिककाका, तुमच्या माशापेक्षा बराच मोठा."

शेवटचं ती बोलली नसती तर कदाचित पुढचं काही झालं नसतं.

"होडीत अजून कोण होतं?" तिनं विचारलं.

"फटिक होता," शशीदा म्हणाला आणि माझ्याकडे बघून गोड हसला.

सगळी टपरी माझ्याकडे बघायला लागली. मी विचार केला. मी खरं बोललो तर शशीदाची कोंबडी गेली. म्हणजे आयुष्यभर जे मागत होतो तेच. नाचायला पाहिजे होतं मी. पण मग मासाही त्याचा. माझ्यापेक्षा मोठा. त्याची पाठ, माझी मांडी. तो भर बाजारात सदरा वर करणार, आणि मी ताडपत्रीच्या मागे. मामा खाऊन झाला, आता हा माझा मासाही खाणार.

"मी बघितला," मी म्हणालो.

"काय बघितलं?"

"मामा. पिवळाधमक. डोकं हंड्याएवढं. पाण्यातनं उठला, पंजा मारला, दुसरा मारला, आणि गेला. खोटं असेल तर आईनं मला बघून घ्यावं." आणि खाली वाकून धक्क्यावरची माती कपाळाला लावली.

मग रहमत गुनीन उठला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "जळतोस तू त्याच्यावर, सगळ्या गावाला माहीत आहे. तरी त्याच्या बाजूनं बोललास. मन मोठं आहे तुझं, फटिक."

मी मान खाली घातली. हसू दिसू नये म्हणून.

सगळे गेल्यावर शशीदा टपरीत आला. "तू पाठ करून बसला होतास."

"बघितला मी."

"आमच्यात वळून कोण बघतं? खोटारड्या."

"मग सांग जाऊन. पण टॉर्चचं काय सांगशील? वासाचं?"

तो कपातला उरलेला चहा माझ्या चुलीत ओतून गेला.

घरी सुबाला, माझी बायको, कोळंबी सोलत बसली होती. तिच्यापर्यंत सगळं पोचलं होतं.

"बघितला म्हणे तुम्ही."

"हूं."

"त्या दिवशी तुम्ही जंगलात होतात म्हणून मी रितीप्रमाणे कुंकू पुसून, केसांना तेल न लावता उंबऱ्यात बसले होते. तुम्ही आलात तेव्हा पहिलं काय विचारलं मी? बघितलात का त्याला? तुम्ही काय म्हणालात?"

"आठवत नाही."

"म्हणालात, वेडी आहेस का, वळून कोण बघतं." तिनं एक कोळंबी भांड्यात टाकली. "आईची माती लावलीत कपाळाला. धुतली का नुसतीच पुसली?"

मी जेवलो नाही. भूक होती, पण सुबाला वाढेल असं वाटेना.

तीन दिवसांनी दिदिमणीनं शाळेच्या भिंतीवर नकाशा लावला. सगळ्या नद्या, सगळ्या खाड्या, आणि कलशखालीवर एक लाल ठिपका. माझा. मी छाती काढून वाचायला गेलो. खाली लिहिलं होतं, करवत मासा, एक नोंद, बहुधा भरतीबरोबर वाट चुकून आलेला.

"वाट चुकून म्हणजे?" मी विचारलं.

"एकच नोंद असली की असंच लिहावं लागतं, काका. त्याच खाडीत, त्याच सुमाराला अजून एक असती तर म्हणता आलं असतं की ही त्यांची राहायची जागा होती. मग ती खाडी राखा म्हणून मी वर भांडले असते. न जाणो, अजून एखादा असेलही तिथं." तिनं टाचण्यांची डबी बंद केली. "वाघासाठी सगळं जग भांडतं. वाट चुकलेल्या पाहुण्यासाठी कोण भांडणार? पूजा झाली की निघते मी."

ती चिडली नव्हती. दमली होती. चार महिने रबरी बुटात.

मी टपरीवर आलो तर शशीदा बाकड्यावर बसलेला, पाय पसरून. नकाशा त्यानंही वाचला होता.

"काय रे फटिक, तुझा मासा वाट चुकला होता म्हणे."

बाकडं खुसखुसलं.

"माझा मामा बघ, घरचा आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचा. तुला कोण चावलं? चुकलेलं माकड असतं तसा चुकलेला मासा. आणि तोही मागून."

"वाट विचारायलाच आला असेल," एकजण म्हणाला. "फटिकनं सांगितली नाही म्हणून चावला."

त्या दिवशी माझ्या हातनं तीन कप फुटले. विचार करा. मी कोंबडी सोडून दिली, आईची माती खोटी लावली, जेवण सोडलं, आणि हातात काय राहिलं? एक खुळा मासा, ज्याला घरचा रस्ता सापडत नव्हता.

पूजेच्या दिवशी सगळं गाव पलीकडे गेलं. आईच्या मूर्तीला नवं लुगडं, बत्तासे, फळं, पायसाचा मोठा हंडा. दिदिमणीही आली होती, कडेला उभी. शशीदा धोतर नेसून पुढे झाला, गुनीननं त्याच्या काखेत कोंबडी दिली. शंख वाजणार एवढ्यात मी म्हणालो, "थांबा."

पुढचं मी चांगुलपणानं केलं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मला फक्त माझा मासा घरचा करून पाहिजे होता.

"मी बघितलं नव्हतं," मी म्हणालो. "पाठ होती माझी. मामा म्हणून मीच ओरडलो, भीतीनं. शशीदाचे नऊच्या नऊ माशाचे आहेत. त्याच खाडीतले. माझ्याआधी पाच आठवडे. दिदिमणी, लिहून घ्या."

रहमत गुनीन माझ्याकडे बघत राहिला. "माती लावली होतीस."

"लावली होती."

"कान धर."

धरले. बावन्न वर्षांचा माणूस, गुडघाभर चिखलात, कान धरून एकवीस उठाबशा. पोरं मोजत होती, आणि बारा झाल्यावर पुन्हा दहापासून सुरू करत होती. सुबालानं त्यांना एकदाही थांबवलं नाही. दिदिमणी मात्र वहीत भराभर लिहीत होती.

"शशधर," गुनीन म्हणाला, "तू बोल."

शशीदानं कोंबडीकडे बघितलं, मग दिदिमणीच्या वहीकडे. एकीकडे एक, दुसरीकडे दुसरं. मी त्याला ओळखतो, त्याला दोन्ही पाहिजे होतं.

"मासाच असावा," तो शेवटी म्हणाला. "पाण्याखालनं आला होता. वास-बिस काही नव्हता."

मग कोंबडी कुणी सोडायची? लोक कुजबुजायला लागले. गुनीननं शशीदाच्या काखेतनं कोंबडी काढून घेतली आणि गर्दीच्या मागे चालत गेला, होड्यांपाशी. तिथं खांतो काकी उभी होती. तिच्या नवऱ्याला मामानं नेलं त्याला तीस वर्षं झाली. अशा बाईची सावली पूजेवर नको म्हणून तेव्हापासून ती दरवर्षी होड्या राखत मागेच थांबायची. आम्ही कुणी तिला पुढे ये म्हणालो नव्हतो.

"मामाशी खरी गाठ पडलेलं माणूस इथं हेच एक आहे," गुनीन म्हणाला. "घे काकी."

ती नको नको म्हणत होती. मग घेतली. चिखलातनं हळूहळू जंगलाच्या कडेला गेली, कोंबडीच्या डोक्यावरनं हात फिरवला, तिच्याशी काहीतरी बोलली. ऐकू आलं नाही. बराच वेळ बोलली. आणि सोडली. शंख वाजवणाराही विसरला होता, त्यानं मग वाजवला.

मी आणि शशीदा शेजारीशेजारी उभे होतो.

"माझ्या हातात कधी इतकी शांत बसली नाही," तो म्हणाला.

"तू दाबून धरायचास."

"बघ, पायसाची पहिली वाटीही तिलाच."

"तिलाच."

"दरवर्षी आता तीच का?"

"तीच."

त्यानं चिखलात रुतलेला पाय उपसला. मीही. बावीस वर्षांत पहिल्यांदा आम्हा दोघांच्या पोटात एकाच ठिकाणी दुखत होतं.

दिदिमणी दुसऱ्या दिवशी गेली नाही, अजून महिनाभर राहिली. कलशखालीत जाळी लावायची नाहीत म्हणून तिनं वर अर्ज केलाय. आम्ही दोघांनी सही केलीय, आधी शशीदानं, कारण पेन त्याच्याकडे होतं. नकाशावरचा 'वाट चुकून' खोडला. आता तिथं लिहिलंय, राहायची जागा. आणि दोन लाल ठिपके. शशीदाचा जरा मोठा दिसतो. दिदिमणी म्हणते, सारखेच आहेत, काका.

मी काडेपेटीची काडी लावून बघितलंय.